गुडघ्याचा स्क्रू आणि कामगाराची रजा

शरीरात विरघळणारा टाका जुनाच. मेंढीच्या आतड्याची तात शल्यवैद्य पूर्वीपासून वापरीत. 1869 साली लिस्टरने ती कार्बॉलिकने निर्जंतुक करून वापरल्याचे प्रसिद्ध केले. 1970 च्या सुमारास विरघळणारा कृत्रिम धागा आला. पुढे गुडघ्यातील नवा अस्थिबंध हाडात पक्का धरणारे स्क्रूही तसे निघाले. स्क्रू विरघळायला वर्षे लागतात, अस्थिबंध जडकाम पेलायला सहा ते नऊ महिने. पण 1948 च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार विमा योजनेतील सामान्य आजारभत्ता वर्षाला 91 दिवसांचाच! दुखापत कामावरची ठरली, तर मात्र तात्पुरते अपंगत्व टिकेल तोवर भत्ता. म्हणून नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सांगतो : यंत्रावर गुडघा मुरगळला, तर त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नोंद करा.