वखार द्यावी, पण खाडीपासून लांब

आमच्या आण्यावरून कल्याण-नगर रस्ता जातो. रस्ता अलीकडचा, दिशा मात्र फार जुनी. जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण बंदराला जायचा. घाटातला तो दगडी रांजण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलं आहे की कल्याणची सत्ता बदलल्यावर तिथल्या व्यापाराला अडथळे आले. चुकून तिथे लागलेलं ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. आणि गंमत बघा, जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत. पाण्याची टाकी खोदून देणारा यवन चालत होता!

आपल्या इतिहासात हा प्रश्न खरा पेटला तो राजापूरला. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले. व्यापारी म्हणून आलेले लोक! १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे साथीदार कैद केले. सुटले ते १६६३ मध्ये.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त या टोपीकरांवर लिहिलं, ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागे यांचे राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकिनारी नको, खाडीपासून चार-आठ कोस आत द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

आता न्हावा शेवा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात १९९७ साली पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीला कंटेनर टर्मिनल बांधून ३० वर्षं चालवण्याचा परवाना मिळाला. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने अख्खी पी अँड ओच विकत घेतली. अमेरिकेत त्यावरून एवढा गदारोळ झाला की डीपी वर्ल्डला तिथली टर्मिनलं विकावी लागली. आपल्याकडे मात्र तसं काही झालं नाही. नंतर सिंगापूरची पीएसए आली. दोन्ही कंपन्या त्या त्या सरकारच्या मालकीच्या. म्हणजे अमात्य म्हणतात तसा मागे राजा आहेच.

तरी मला फारशी भीती वाटत नाही, कारण जमीन बंदराची, कस्टम्स आपलं, पहारा सीआयएसएफचा. परवान्याची मुदत संपली की टर्मिनल परत. २०२२ मध्ये बंदराने स्वतःचं उरलेलं टर्मिनलही खाजगी हातात दिलं, ते मात्र मला पटलं नाही. अडीअडचणीला एक तरी धक्का घरचा हवा होता.

त्याचं कारण जून २०१७. मर्स्कच्या संगणकांत नोटपेट्या व्हायरस शिरला. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. पण मर्स्कच्याच गटाची कंपनी चालवत असलेलं न्हावा शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं आणि जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. त्यात कुणी आपल्यावर चाल करून आलं नव्हतं, की मालकाने दगा दिला नव्हता. आमच्या तालुक्यातल्या द्राक्षांचा हंगाम तेव्हा संपलेला होता. फेब्रुवारी असता तर युरोपला निघालेले कंटेनर तिथेच उभे राहिले असते.