सेप्टिक टँकची घरगुती नोंदवही : काय लिहावे आणि का?

मेढा आणि जावळी तालुक्यातील अनेक घरांचा मैला सेप्टिक टँकमध्ये साठतो. तेथून बाहेर पडणारे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात रोगजंतू असतात. ते शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. सह्याद्रीतील काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते जवळच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पावसाळ्यात हा धोका वाढतो.

नोंद का ठेवावी?

दूषित पाण्यामुळे होणारे सगळेच आजार लगेच दिसत नाहीत. जुलाब काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतात. टायफॉइडला साधारण 1 ते 3 आठवडे लागतात. हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ 2 ते 7 आठवड्यांनी, तर ‘ई’ची 2 ते 10 आठवड्यांनी दिसते. तोवर टाकी कधी तुंबली होती हे घरात कोणालाच आठवत नाही. वहीतील तारीख डॉक्टरांना उपयोगी पडते.

वहीत काय लिहावे?

- टाकी कोठे आहे, झाकणे कोठे आहेत आणि विहीर किंवा बोअर किती अंतरावर आहे याचा साधा नकाशा
- बांधकामाचे वर्ष, लांबी, रुंदी, खोली आणि कप्पे
- प्रत्येक उपशाची तारीख, किती टँकर गाळ निघाला, पावती
- तुंबणे, झिरपणे, दुर्गंधी, दुरुस्ती
- विहिरीच्या पाण्याच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष
- घरातील जुलाब, ताप, कावीळ : कोणाला आणि कधीपासून

गाळ कधी उपसावा?

साधारणपणे दर 2 ते 3 वर्षांनी. टाकी भरून वाहण्याची वाट पाहू नये. आपल्याच जिल्ह्यातील वाई शहरात 2018 पासून घराघरांतील टाक्या ठरावीक काळाने उपसण्याची योजना सुरू झाली आणि त्यासाठी 3 वर्षांचे चक्र ठरवण्यात आले. आपल्या गावात अशी सोय नसेल, तर पुढच्या उपशाची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

टाकीत उतरू नका

टाकीतील हायड्रोजन सल्फाइडमुळे माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. या वायूचे प्रमाण जास्त असेल तर वासही कळेनासा होतो. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्या. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी आत पडल्यास वाचवायला स्वतः उतरू नका. 108 वर फोन करा आणि अग्निशमन दलाची मदत मागा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाबात लघवी कमी होणे, शौचातून रक्त पडणे, सतत उलट्या, न उतरणारा ताप किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालयात जा. गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास एक दिवसही थांबू नका. जाताना ही वही सोबत न्या. घरात एकापेक्षा जास्त जण आजारी असतील तर तेही सांगा आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत पाणी उकळून प्या.