हाय खाणं आणि जॉन हंटरचं काळीज

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी हाय खाल्ली आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर देह ठेवला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते आधीच आजारी होते. त्यात दुःखाचा वाटा किती, हे आज कोण मोजणार? पण जिथे थोडंफार मोजता येतं, असा एक माणूस मला सापडला. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हंटर.

१७७३ पासून त्याच्या छातीत कळा येत. संताप आला की कळ येते, हे त्याने स्वतःच टिपलं होतं. मला चिडवेल त्या कुठल्याही बदमाशाच्या हातात माझा जीव आहे, असं तो म्हणे म्हणतात.

आता इथे एडवर्ड जेन्नर येतो. हो, देवीच्या लशीचाच. तो हंटरच्या घरी राहून शिकलेला. अशा दुखण्याने गेलेल्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या त्याला आढळल्या. गुरूलाही तेच झालंय, हे त्याने ओळखलं. पण छापलं तर गुरू वाचणार, आणि उपाय कुणाकडेच नव्हता. जेन्नर गप्प बसला. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हलवतं ते हे गप्प बसणं.

१६ ऑक्टोबर १७९३. सेंट जॉर्ज हॉस्पिटलची बैठक. दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून हंटर बोलत होता, कुणीतरी त्याला खोडलं. तो शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. रक्तवाहिन्या हाडासारख्या टणक निघाल्या. जेन्नरचं म्हणणं छापून आलं १७९९ मध्ये, केलेब पॅरीच्या पुस्तकात.

म्हणजे दारू आधीच ठासलेली होती, संतापाने ठिणगी टाकली. पण रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदय ढेपाळतं, हे १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी मांडलं. डावा कप्पा फुगून ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून नाव ताकोत्सुबो. २००४ च्या निइगाता भूकंपानंतर असे रुग्ण वाढले, बहुतेक उतारवयाच्या बायका. धक्का बसतो मेंदूला, ॲड्रेनलिनचा लोंढा झेलतं हृदय. २०१९ मध्ये झुरिचच्या डॉक्टरांना या रुग्णांच्या मेंदूत भावना आवरणाऱ्या भागांचं आपसातलं संधान कमी दिसलं; ते आधीपासून तसं होतं की नंतर झालं, हे त्यातून ठरत नाही. वेळेवर इलाज झाला तर बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात.

माझ्या इंदूरच्या आत्याने आतोबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी छाती दुखते म्हटलं. आम्ही सगळे म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस. ईसीजी काढला पाचव्या दिवशी.