मुद्रा वाचण्याचे वय

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली संस्थानात, श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांची रीत मोठी मौजेची होती. सूत्रधार पदे गाऊन प्रसंग सांगे आणि पात्रे त्यास अनुसरून अभिनय करीत, आयत्या वेळी सुचेल ते बोलत. प्रेक्षकांच्या कानी भाव आधी पडे, मुद्रेवर तो मागाहून दिसे.

बालकाचे शिक्षणही काहीसे असेच होते, असे आम्हांस वाटते. चार्ल्स डार्विन यांनी १८७७ साली आपल्या थोरल्या मुलाविषयीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दाईने रडण्याचे सोंग करताच त्या सहा महिने अकरा दिवसांच्या बाळाचा चेहरा उदास झाला. अंकुर इतक्या लवकर फुटतो खरा. परंतु ‘बाळ, दादाला वाईट वाटले बघ,’ असे सांगणारी आई ही घरातली सूत्रधारच. धर्मशिक्षणाच्या वर्गातही आम्ही पाहतो : चित्रातला आनंद चिमुकल्यांना चटकन उमगतो, भय आणि आश्चर्य यांची मात्र गल्लत होते. ही जाण पौगंडावस्थेपर्यंत वाढत राहते, असे संशोधक सांगतात. उतारवयात भय व दुःख ओळखणे पुन्हा काहीसे अवघड जाते, हेही त्यांनी दाखविले आहे.

येथे आम्हांस सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आठवतात. त्यांच्या ‘शारदा’ नाटकात (१८९९) वृद्ध भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी विवाह करू पाहतो. तिचे दुःख मैत्रिणींना कळते, आईला कळते. नवरदेवाला कळत नाही. त्याच्या वयाला दोष द्यावा, तर बाप कांचनभट काही म्हातारपणाने आंधळा झालेला नव्हता. त्याची दृष्टी पैशाने गेली होती. आणि लग्न मोडते ते कशाने? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! मुलीच्या डोळ्यांतले पाणी त्या मांडवात पुरावा ठरले नाही. देवलांचा हा टोला आम्हांस सर्वांत झोंबतो, कारण विवाहापूर्वी वधूची संमती विचारणे हे आमचे नित्याचे कर्तव्य. ‘होय’ हा शब्द ऐकून नोंदवहीकडे वळणे फार सोपे असते.

रंगमंचावर जे घडले नाही, ते शेजारच्या साताऱ्यात एका स्वयंपाकघरात घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली तेथे वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू, जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धान्य संपे, उसनवारीही पुरी पडत नसे. त्या मुलांच्या अन्नासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले; शेवटी मंगळसूत्रही दिले. भुकेली मुले पुष्कळदा काही बोलत नाहीत.