रखमाबाईंचा खटला आणि वृत्तपत्रांचा चव्हाटा

१८८५च्या जून महिन्यात मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशी सही असलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. विषय बालविवाहाचा होता. या चालीने आपल्या आयुष्याची कशी हानी झाली आणि विद्याभ्यासाला कशी खीळ बसली, हे लेखिकेने विलक्षण संयमाने मांडले होते. मात्र तिचे नाव, तिच्या पतीचे नाव, किंवा मुंबईच्या उच्च न्यायालयात आदल्या वर्षापासून चालू असलेला दावा यांपैकी कशाचाही उल्लेख पत्रात नव्हता. ही ‘हिंदू स्त्री’ म्हणजे त्या दाव्यातील प्रतिवादी रखमाबाई होत, हे पुढे उघड झाले. खटला न्यायप्रविष्ट असताना लोकमतापुढे काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा इतका डोळस विचार एकोणिसाव्या शतकातील अन्य कोणा पक्षकाराने केलेला क्वचितच आढळेल.

रखमाबाईंचा जन्म १८६४चा. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. सुतार समाजात विधवाविवाहाची रूढी असल्यामुळे आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी वडिलांची मिळकत रखमाबाईंच्या नावे करून देण्यात आली होती. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या सुशिक्षित घरात त्यांचे वाचन वाढले आणि वयाबरोबर नकारही पक्का झाला. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. १८८५च्या एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले. घरातील कर्ता आधार गेला आणि त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी ते पहिले पत्र छापून आले.

या खटल्यातील न्यायालयाची भाषा आणि वृत्तपत्रातील भाषा यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. न्यायालयात रखमाबाईंचा बचाव वैयक्तिक स्वरूपाचा होता : पतीची खालावलेली प्रकृती, चरितार्थ चालविण्याची असमर्थता आणि तो ज्यांच्या आश्रयाला राहत होता त्यांचे वर्तन. कायद्याला अशीच कारणे समजतात. पण वृत्तपत्रात त्यांनी यांतले एकही कारण पुढे केले नाही. तेथे त्यांनी रूढीवर बोट ठेवले, व्यक्तीवर नव्हे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य या दोन प्रश्नांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा पेटविली होती. रखमाबाईंच्या पहिल्या पत्राचा विषय बालविवाह होता, तर १९ सप्टेंबर १८८५च्या दुसऱ्या पत्राचा विषय सक्तीचे वैधव्य. आपले दुःख त्यांनी चालू चर्चेच्या प्रवाहात आणून ठेवले, आणि त्यामुळे ते एका घरातील कज्जा न राहता साऱ्या समाजाचा प्रश्न ठरले.

दुसरे पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असा दावा एकत्र नांदलेल्या व नंतर विभक्त झालेल्या दांपत्यासाठी आहे. अजाणत्या वयात लग्न लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या स्त्रीला तो लागू करणे निर्घृणपणाचे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. येथून वृत्तपत्रांची खरी लढाई सुरू झाली. इंग्रजी पत्रांनी व सुधारकांनी निकालाचे स्वागत केले. देशी पत्रांतील मोठ्या वर्गाला हा हिंदू धर्मशास्त्रातील हस्तक्षेप वाटला. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला व प्रकरण फेरसुनावणीसाठी परत आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास सोसावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली.

हा नकार ही बातमी होती, आणि ती समुद्रापार गेली. एप्रिल १८८७ मध्ये त्यांचे एक पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापले गेले. ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. विवाहवयाच्या कायद्यात सुधारणा करावी, अशी विनंती रखमाबाईंनी त्या निमित्ताने थेट राणीला केली. प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ, मलबारी आदींच्या पुढाकाराने बचाव समिती स्थापन झाली. एका तरुण स्त्रीला केवळ नांदायला जात नाही म्हणून तुरुंगात घालणे सरकारला अवघड होऊन बसले. त्यातही विसंगती अशी, की हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून येथे आलेला होता, आणि खुद्द इंग्लंडने अशा हुकमाच्या अवज्ञेबद्दलची कैद १८८४ मध्येच रद्द केली होती.

मात्र प्रसिद्धी ही दुधारी असते. दादाजींनीही १८८७ मध्ये आपली बाजू सांगणारी इंग्रजी पत्रिका काढली. तिच्यात त्यांनी सारा रोख पत्नीच्या माहेरावर, विशेषतः मिळकतीच्या लोभावर ठेवला. रखमाबाईंना ‘बॉम्बे गॅझेट’मधून उत्तर द्यावे लागले. दोन वर्षांपूर्वी ज्या पत्रांत त्यांनी व्यक्तिगत तपशील कटाक्षाने टाळले होते, त्याच तपशिलांचा आता जाहीर खुलासा करण्याची पाळी आली. आईचा पुनर्विवाह, घरातील नातेसंबंध, मिळकतीची कागदपत्रे असे सारे चव्हाट्यावर आले. नाव उघड झाल्यानंतर निनावीपणाचे कवच उरले नाही.

याहून मोठी किंमत वेगळी होती. ‘हिंदू स्त्री’चा प्रश्न लंडनच्या वृत्तपत्रात गेल्यामुळे तो परक्या सत्तेपुढे मांडलेल्या तक्रारीसारखा दिसू लागला. टिळकांनी या प्रकरणात धर्मात सरकारी हस्तक्षेपाचा धोका पाहिला व रखमाबाईंच्या भूमिकेवर कडाडून टीका केली. आगरकरांची मते नेमकी याच्या उलट होती. सामाजिक सुधारणेवरून या दोघांत असलेला दुरावा त्या काळात वाढतच गेला. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. या फुटीला कारणे अनेक होती. पण रखमाबाई खटल्याने दोन्ही बाजूंना आपापली भूमिका नि:संदिग्धपणे मांडावयास लावली, यात शंका नाही.

खटल्याचा शेवट मात्र कोणत्याही अग्रलेखाने झाला नाही. जुलै १८८८ मध्ये खर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई हरल्या होत्या. विवाह कायम होता आणि फॅरन यांचा निकालही. पण त्या तुरुंगात गेल्या नाहीत, आणि सासरीही नाही. १८८९ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, १८९४ मध्ये ते पूर्ण केले आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली. पुढच्या आयुष्यात त्यांची ओळख खटल्यातील प्रतिवादी म्हणून नव्हे, तर डॉक्टर म्हणून झाली.

लोकमताचा परिणाम कायद्यावर सावकाश झाला. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले. त्यामागे अन्य घटनांबरोबर या खटल्याने तापविलेले वातावरणही होते. अशा हुकमाच्या अवज्ञेबद्दलची कैद भारतात १९२३ मध्ये रद्द झाली. दाव्याची तरतूद मात्र १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम ९च्या रूपाने टिकून राहिली. त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंचे निधन झाले.

या इतिहासाची निष्पत्ती अशी, की न्यायालयात हरलेली बाजू लोकमतापुढे उभी राहू शकते. पण त्यासाठी काय बोलायचे यापेक्षा काय बोलायचे नाही याचे भान अधिक लागते, आणि ते भान राखूनही शब्द एकदा छापून गेला की तो कोणाच्या हाती पडेल व कशासाठी वापरला जाईल हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. ‘टाइम्स’मधील पत्रे, ‘केसरी’तील टीका, दादाजींची पत्रिका आणि रखमाबाईंचे उत्तर ही सारी शेजारी ठेवून वाचली तरच हा खटला कळतो. यांतील एकच कागद जपला गेला असता, तर पुढच्या पिढ्यांच्या हाती निवाडा आला असता, इतिहास नव्हे. दोन्ही बाजूंचे जुने अंक सारख्याच आस्थेने बांधून ठेवणाऱ्या ग्रंथालयांचे ऋण ते हेच.