यूएसबी उपकरणांमुळे अडणारे बूटिंग

यूएसबी उपकरणांमुळे अडणारे बूटिंग : पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क, कार्ड रीडर, हब किंवा प्रिंटर जोडलेला असताना संगणक सुरू न होणे, कंपनीच्या लोगोवर अडकणे किंवा काळ्या स्क्रीनवर एक-दोन ओळी दाखवून थांबणे. उपकरण काढले की संगणक मुकाट्याने चालू होतो, हीच या दोषाची खूण.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते. दोष मात्र त्याहून जुना. आदल्या दिवशीची फ्लॉपी आत राहिली की सकाळी ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा निरोप यायचा. फ्लॉपी काढायची, कोणतीही कळ दाबायची, काम सुरू. फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली, एवढाच फरक.

कारणे : बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचे बायोस आधी जागे होते, मेमरी आणि कीबोर्ड तपासते आणि मग ठरलेल्या क्रमाने ऑपरेटिंग सिस्टिम शोधू लागते. हा क्रम म्हणजे बूट ऑर्डर. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना यूएसबीला पहिला नंबर दिला जातो आणि पुढे तो बदलायचे राहून जाते. जुन्या धाटणीचे बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचते. त्यांच्या शेवटी ठरावीक दोन बाइटांची खूण दिसली की सूत्रे त्या डिस्ककडे सोपवते. तिच्यावर खरोखर विंडोज आहे का, याची चौकशी ते करत नाही. ही खूण साध्या, फक्त फोटो ठेवलेल्या पेनड्राइव्हवरही असू शकते. विंडोजमध्ये एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असा पेनड्राइव्ह मग ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असे दाखवतो. निरोप पेनड्राइव्हचा, आळ हार्ड डिस्कवर. एवढ्यावरून संगणक ‘फॉरमॅट मारायला’ देणे म्हणजे धडधाकट माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणे.

नंतरच्या यूईएफआय पद्धतीत ठरावीक फोल्डरमधली बूट फाइल शोधली जाते, त्यामुळे साधा पेनड्राइव्ह सहसा आडवा येत नाही. विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह मात्र लावलेला राहिला, तर रीस्टार्टनंतर तेच इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

लोगोवर अडकण्याचे कारण निराळे. बायोस प्रत्येक पोर्टवरच्या उपकरणाची ओळख विचारते. बिघडलेला हब किंवा कार्ड रीडर धड उत्तर देत नाही आणि बायोस ताटकळते. विजेचाही प्रश्न असतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९०० मिलिअँपिअर; जुन्या पोर्टवर दोन बाह्य डिस्क एकाच बिनअडॅप्टरच्या हबला लावल्या तर ओढाताण ठरलेलीच. पोर्टमधल्या पिना वाकून एकमेकींना टेकल्या, तर काही मदरबोर्ड ‘ओव्हर करंट’चा इशारा देऊन १५ सेकंदांत बंद होतात. टॉर्च धरून पोर्टमध्ये डोकावले तर वाकलेली पिन दिसते.

उपाय : संगणक बंद करून कीबोर्ड-माउसखेरीज सगळे उपसावे. चार्जिंगला लावलेला मोबाइल, वायरलेस माउसचा नखाएवढा डोंगल आणि कार्डाची खाच असलेला प्रिंटर हमखास विसरतात. संगणक सुरू झाला, तर एकेक उपकरण परत लावून दर वेळी रीस्टार्ट करावा. काम चिकाटीचे आहे, पण चोर यातच सापडतो. सापडलेले उपकरण हब टाळून थेट मागच्या पोर्टला लावून पाहावे. पेनड्राइव्ह किंवा बाह्य डिस्कच अडवत असेल, तर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ (कळ कंपनीप्रमाणे बदलते) दाबून बायोसमध्ये जावे आणि हार्ड डिस्क किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावे.

तेथेच दिसणारा ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ बंद करण्याचा सल्ला काहीजण देतात. जुन्या संगणकावर तो अंगाशी येतो : विंडोज सुरू होईपर्यंत यूएसबी कीबोर्डच चालेनासा होतो आणि बदल मागे घ्यायला गोल खुंटीचा पीएस/२ कीबोर्ड शोधावा लागतो किंवा मदरबोर्डवरचा सेल काढून सेटिंग पुसावे लागते.

सगळे काढूनही तोच निरोप येत असेल, तर दोष जोडलेल्या उपकरणांचा नाही. मग हार्ड डिस्कची केबल तपासावी.