भेदरं ते हायब्रीड

आमच्या आर्णीकडे जुनी माणसं टमाटराला भेदरं म्हणतात. लहान, आंबट, पातळ सालीचं. त्याचं बी विकत कोण आणणार? चांगलं पिकलेलं फळ राखायचं, बी धुऊन राखेत वाळवायचं, पुढच्या वर्षी तेच वाफ्यात.

हे जमायचं, कारण टमाटराचं फूल आपल्याच परागावर फळतं. त्यामुळे घरचं बी वर्षानुवर्षं बहुतेक जसंच्या तसं राहतं. हायब्रीडसाठी नेमकं हेच मोडावं लागतं. उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एक पालक लवकर फळणारा, दुसरा टणक फळाचा. लवकर माल निघाला की बाजारात गर्दी व्हायच्या आधीचा भाव मिळतो. शेतकरी हायब्रीडकडे वळला तो उगीच नाही.

आपल्याकडे कपाशीत हायब्रीड टमाटराच्या आधी आलं. 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेलांनी एच-4 हे वाण दिलं. टमाटराचं वळण 1973 चं. बंगलोरच्या मनमोहन अत्तावरांच्या कंपनीने 'कर्नाटक' नावाचं वाण आणलं, ते देशातलं पहिलं हायब्रीड टमाटर समजलं जातं. इकडे जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्येच महिको काढली होती. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून! आज जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं हायब्रीड बी तयार होतं. एकेक कळी हाताने खुडणाऱ्या बहुतेक बायाच. पाकिटावर नाव मात्र कंपनीचं.

आता खरी गोम. हायब्रीडच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. कुठलं झाड आजीवर, कुठलं आजोबावर. यात कुणाची लबाडी नाही, हा निसर्गाचाच नियम. पण दोन्ही पालक ज्याच्या कोठारात, किल्ली त्याच्याच हाती. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क दिला. हायब्रीडपुरता तो हक्क कागदावरच राहतो, कारण राखून उपयोगच नाही.

हायब्रीड नको असं मी म्हणणार नाही, त्याने चार पैसे दिलेत. पण वाफ्याच्या एका कोपऱ्यात भेदरं असू द्यावं. त्याचं बी अजून आपलं आहे.